पडद्यावरचा लंबक बरोबर आणि खिळ्याला टांगलेला चूक? सिम्युलेशनने भौतिकशास्त्र शिकवण्याबद्दल एक प्रश्न

मूळ प्रश्न
विज्ञान शिक्षिका, सोलापूर जिल्हा

सर्वांना नमस्कार.

मी एका गावातल्या माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणून एक खोली आहे, परंतु दोन ॲमीटर आणि एक व्होल्टमीटर सोडले, तर विजेच्या प्रकरणासाठी धड चालणारे साहित्य तिथे नाही. प्रोजेक्टर मात्र चांगला आहे आणि सहा टॅब्लेट आहेत. त्यामुळे गेल्या वर्षापासून मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशने, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, वर्गात वापरू लागले. मुलांना ती मनापासून आवडतात, तासाला कंटाळा कोणी करत नाही, आणि तरीही दोन प्रसंगांमुळे मला माझ्याच पद्धतीबद्दल शंका येऊ लागली आहे.

पहिला प्रसंग विद्युत परिपथाचा. मी चौदा पायऱ्यांची कृतिपत्रिका तयार केली होती: बॅटरी घ्या, तार जोडा, बल्ब जोडा, ॲमीटर लावा, आकडा लिहा, दुसरा बल्ब एकसर जोडा, पुन्हा आकडा लिहा, आणि याप्रमाणे पुढे. सहाही गटांची उत्तरे बरोबर आली. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दहा ओहमचा एक बल्ब असताना ०.९ अँपिअर, दोन बल्ब एकसर जोडल्यावर ०.४५ अँपिअर, असे सगळे नीट लिहून झाले. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक गटाला एक सेल, तारेचा एक तुकडा आणि टॉर्चचा छोटा बल्ब दिला आणि एवढेच सांगितले की बल्ब पेटवून दाखवा. सहापैकी चार गटांना दहा मिनिटांत ते जमले नाही. बहुतेकांनी तारेचे एक टोक सेलला आणि दुसरे बल्बच्या बुडाला लावले आणि बल्ब का पेटत नाही म्हणून माझ्याकडे पाहत राहिले.

दुसरा प्रसंग लंबकाचा. सिम्युलेशनमध्ये एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस दोलनांसाठी ४०.१ सेकंद लागतात, हे मुलांनी पाहिले होते. मग आम्ही वर्गातल्या खिळ्याला दोरा बांधून त्याला कुलूप टांगले, खिळ्यापासून कुलपाच्या कडीपर्यंत दोरा बरोबर १०० सेंटिमीटर मोजून घेतला आणि तीन वेळा वीस-वीस दोलने मोजली. सरासरी ४१.२ सेकंद आली. कुलूप फार लांब ओढले नव्हते, दहा अंशांच्या आतच होते. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपला लंबक चुकला ना?” आणि सगळ्या वर्गाने मान डोलावली. खरा लंबक चूक आणि टॅब्लेटमधला बरोबर, हे त्यांनी इतक्या सहज स्वीकारले की मला वाईट वाटले, कारण त्या क्षणी त्यांना समजेल असे उत्तर माझ्याजवळही नव्हते.

माझा प्रश्न असा आहे की सिम्युलेशन प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधी दाखवावे की नंतर, कृतिपत्रिका किती तपशीलवार असावी, आणि पडद्यावरचा आकडा हा निसर्गाचा आकडा नाही हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कसे पटवून द्यावे? ज्यांनी हे वर्गात प्रत्यक्ष केले आहे त्यांच्या अनुभवातून मला शिकायचे आहे.

उत्तर १
निवृत्त प्राध्यापक, पुणे

मॅडम, आपला लंबक मुळीच चुकलेला नाही. उलट त्याने आपल्याला एक अत्यंत मोलाची गोष्ट सांगितली आहे, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो.

लंबकाची लांबी टांगलेल्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची असते, आणि आपण ती कडीपर्यंत मोजलीत. वीस दोलनांना ४१.२ सेकंद म्हणजे एका दोलनाला २.०६ सेकंद. महाराष्ट्रात गुरुत्वत्वरण ९.७८ ते ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे असते. सिम्युलेशनमधील पृथ्वीसाठी ते ९.८१ धरलेले आहे, पण तो फरक इथे फार छोटा आहे, वीस दोलनांत एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. आता दोलनकालाच्या सूत्रात २.०६ सेकंद घालून लांबी काढली, तर ती सुमारे १०५ सेंटिमीटर येते. म्हणजे आपल्या कुलपाचा गुरुत्वमध्य कडीच्या वरच्या टोकापासून साधारण पाच सेंटिमीटर खाली असला पाहिजे. हे मुलांना सांगून टाकू नका. त्यांना कुलूप काढून पट्टीच्या कडेवर तोलायला सांगा आणि तोल साधतो ती जागा कडीपासून किती अंतरावर आहे ते मोजायला लावा. माझा अंदाज बरोबर असेल, तर ज्या लंबकाला वर्गाने चूक ठरवले, तोच कुलपाच्या आतली, डोळ्यांना न दिसणारी जागा दाखवून देईल.

आता मूळ प्रश्नाकडे. सिम्युलेशन म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेले समीकरण आहे आणि त्या समीकरणाला चित्राचा देह दिलेला आहे. फेटचा प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी बोस-आइनस्टाइन संघनितावरील (अतिशय थंड केलेल्या अणूंच्या एका विशेष अवस्थेवरील) कामासाठी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते, आणि त्या पारितोषिकाच्या रकमेतील काही भाग त्यांनी या कामात घातला. इतक्या ताकदीच्या प्रयोगशास्त्रज्ञाने हा मार्ग धरला, याचा अर्थ प्रयोग टाळायचा असा होत नाही. प्रयोगात जे घडते ते मनात कसे उभे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तारेत धारा सगळीकडे सारखीच असते, पहिला बल्ब ती ‘खाऊन’ टाकत नाही, ही गोष्ट ॲमीटर दोन आकड्यांनी सांगतो. सिम्युलेशन मात्र तारेतले ठिपके एकाच वेगाने सरकताना दाखवते, आणि मुलाच्या डोक्यातले चुकीचे चित्र तिथेच मोडते.

कोलोरॅडोमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. विद्युत परिपथाच्या प्रात्यक्षिकात महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांना खरी उपकरणे दिली आणि काहींना हेच परिपथाचे सिम्युलेशन दिले. पुढे सिम्युलेशनवाला गट संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरलाच, शिवाय खऱ्या तारा आणि खरे बल्ब हाती आल्यावर परिपथ जोडण्यात आणि तो समजावून सांगण्यातही पुढे राहिला. आपल्या वर्गात उलटे घडले, याचे कारण मला सिम्युलेशनमध्ये दिसत नाही, ते आपल्या चौदा पायऱ्यांत दिसते. स्पष्ट लिहितो आहे, राग मानू नये. याच प्रकल्पातील संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन असे दाखवले आहे की पायरीपायरीच्या सूचना हातात दिल्या की विद्यार्थी सूचनेपुरतेच बटण दाबतात आणि स्वतः काही धुंडाळत नाहीत. एखादा मोकळा प्रश्न दिला, तर मात्र ते बराच वेळ शोधत राहतात. आपल्या मुलांनी आकडे लिहिले, कारण कृतिपत्रिकेने आकडेच मागितले होते.

आणखी एक गोष्ट. हार्वर्डमध्ये २००४ साली वर्गातील प्रात्यक्षिकांचा अभ्यास झाला. ज्यांनी प्रात्यक्षिक नुसते पाहिले त्यांची समज, ज्यांनी ते पाहिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा फारशी चांगली निघाली नाही. ज्यांना आधी अंदाज नोंदवायला लावला त्यांची समज मात्र लक्षणीय सुधारली. त्यामुळे आधी की नंतर, यापेक्षा अंदाज कागदावर उतरला की नाही, हे मला जास्त निर्णायक वाटते. दुसरा बल्ब समांतर जोडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहावे की पहिला बल्ब मंद होईल, तसाच राहील की जास्त प्रकाशेल, आणि का. चूक लिहिलेला अंदाज खोडू देऊ नये.

उत्तर २
प्रयोगशाळा सहायक, नाशिक

प्राध्यापक सरांचे म्हणणे मी आदराने वाचले, पण एक काळजी मांडतो. मी अठ्ठावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करत आहे. ॲमीटरचा काटा शून्यावर नसतो, तेव्हा शून्य त्रुटी वजा करावी लागते. काट्याकडे तिरके पाहिले तर वाचन बदलते. तारेच्या टोकाला गंज असेल तर सँडपेपरने घासावे लागते, नाहीतर ‘विज्ञान खोटे ठरते’. जुना सेल एका बल्बला पुरतो, दुसरा समांतर जोडला की दोन्ही मंद होतात, आणि पुस्तकात तर लिहिलेले असते की समांतर जोडणीत बल्ब मंद होत नाहीत. यांपैकी एकही गोष्ट पडद्यावर आपोआप समोर येत नाही. सिम्युलेशनमध्ये तार जवळ नेली की ती स्वतःहून चिकटते.

मॅडमच्या चार गटांची अडचण मला तिथेच दिसते. पडद्यावरच्या बल्बला जोडणीच्या दोन जागा गोल करून दाखवलेल्या असतात आणि मुले गोलाला गोल जोडतात. हातातल्या बल्बला असे गोल नसतात. त्याचे एक टोक म्हणजे अगदी खालचा शिशाचा ठिपका आणि दुसरे म्हणजे बाजूची आट्यांची धातूची पट्टी, हे कोणी दाखवल्याशिवाय किंवा स्वतः चाचपडल्याशिवाय कळत नाही. मी मुलांना फ्यूज झालेला बल्ब देतो, काच कापडात गुंडाळून फोडतो, आणि आतल्या दोन दांड्यांपैकी एक ठिपक्याकडे आणि दुसरी आट्यांकडे जाते हे भिंगाखाली दाखवतो. एकदा ते पाहिले की पुन्हा कोणीही बल्बच्या बुडाला एकच तार लावत नाही. हे काम मोठ्यांनी करावे, मुलांना काच फोडू देऊ नये.

माझे मत असे की आधी हात, नंतर पडदा. आणि शाळेने खरेदी करायचीच असेल, तर टॅब्लेटआधी सेल, बल्ब, होल्डर आणि तारांचा डबा घ्यावा.

उत्तर ३
भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, बी.एस्सी. दुसरे वर्ष

सहायक सरांची काळजी रास्त आहे, तरी मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझ्या शाळेत वरचा डबाही नव्हता आणि मी जवळपास सगळी वीज सिम्युलेशनवरच शिकलो. त्यामुळे मला फायदा कुठे झाला आणि दिशाभूल कुठे झाली, हे दोन्ही सांगता येईल.

फायदा असा की सिम्युलेशनमध्ये चूक करायला भीती वाटत नाही. बॅटरीची दोन टोके मी तारेने थेट जोडली आणि बॅटरीने पेट घेतला, तेव्हा शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे जे समजले ते व्याख्या पाठ करून समजले नसते. घरात हे करून पाहण्याची ना परवानगी होती ना हिंमत. दुसरे असे की जे हाताने करताच येत नाही, तेही तिथे करता येते. लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये पृथ्वीऐवजी चंद्र किंवा गुरू निवडता येतो, शिवाय ‘ग्रह एक्स’ नावाचा एक पर्याय आहे, ज्याचे गुरुत्वत्वरण सांगितलेलेच नसते, ते दोलनकाल मोजून आपणच काढायचे असते. तो ग्रह सोडवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि लांबी विरुद्ध दोलनकालाचा वर्ग हा आलेख मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गरजेपोटी काढला.

दिशाभूल झाली ती इलेक्ट्रॉनच्या वेगाबाबत. पडद्यावर ते ठिपके सेकंदाला कित्येक मिलिमीटर सरकताना दिसतात. अकरावीला येईपर्यंत माझी समजूत होती की बटण दाबल्यावर बटणापासून निघालेले इलेक्ट्रॉन धावत दिव्यापर्यंत पोहोचतात म्हणून दिवा लागतो. मग अपवहन वेगाचे, म्हणजे धारा वाहताना इलेक्ट्रॉन तारेतून प्रत्यक्ष ज्या वेगाने सरकतात त्याचे, उदाहरण सोडवले. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर येतो. म्हणजे एक मीटर तार ओलांडायला पावणेचार तास लागतील. दिवा मात्र लगेच लागतो, कारण तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच असतात आणि विद्युत क्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरते. हे उदाहरण सोडवल्यावर मी पुन्हा सिम्युलेशन उघडले आणि ते ठिपके पहिल्यांदाच खुणा म्हणून पाहिले, खरे इलेक्ट्रॉन म्हणून नाही.

मॅडम, दहावीच्या मुलांना अपवहन वेग नसतो हे मला माहीत आहे, पण त्यांना एवढे तरी विचारावे असे सुचवतो: “या चित्रात काय खरे आहे आणि काय आपल्याला दिसावे म्हणून मोठे किंवा जलद केले आहे?” माझ्या शिक्षकांनी हा प्रश्न विचारला असता, तर माझी ती समजूत अकरावीपर्यंत टिकली नसती.

उत्तर ४
निवृत्त प्राध्यापक, पुणे

सहायक सरांनी जुन्या सेलचे जे उदाहरण दिले, ते पुढे नेण्यासारखे आहे, कारण ते सिम्युलेशनच्या विरोधातले नाही. त्याच परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच धारेला होणारा विरोध, सुरुवातीला शून्य ठेवलेला असतो. प्रगत पर्यायांत तो वाढवता येतो. मुलांनी आधी खऱ्या जुन्या सेलवर दोन बल्ब समांतर जोडून दोन्ही मंद झालेले पाहावेत, मग सिम्युलेशनमध्ये तेच जोडून काहीच मंद होत नाही हे पाहावे, आणि मग त्यांना सांगावे की पडद्यावरची बॅटरी आपल्या सेलसारखी वागेपर्यंत काय बदलावे लागेल ते शोधा. अंतर्गत रोधाची पट्टी सरकवल्यावर जेव्हा पडद्यावरचे बल्बही मंद होतात, तेव्हा मुलाला प्रतिमान म्हणजे काय ते कळते: आपण काय गृहीत धरले होते आणि निसर्गाने काय धरलेले होते, यांतला फरक भरून काढण्याची ती जागा असते.

याच्या उलटही घडते. लंबक साठ अंशांपर्यंत ओढून सोडला, तर पाठ्यपुस्तकातील सूत्रानुसार दोलनकाल बदलायला नको, पण सिम्युलेशनमध्ये तो सुमारे सात टक्के वाढतो, आणि खऱ्या लंबकातही तितकाच वाढतो. इथे पुस्तकातले सूत्रच लहान कोनापुरते आहे. म्हणून ‘पडदा विरुद्ध प्रयोग’ अशी मांडणी मला पटत नाही. पुस्तकातले सूत्र, पडदा आणि खिळ्याला टांगलेले कुलूप, या तिघांना एकमेकांसमोर उभे केले म्हणजे कोण कुठे अपुरे पडते ते मुले स्वतः सांगू लागतात.

उत्तर ५
माध्यमिक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

मी फक्त व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी लिहितो. फेटची बहुतेक नवी सिम्युलेशने एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि नंतर इंटरनेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतात. पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो, त्यामुळे मी मे महिन्यातच सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतो. अनेक सिम्युलेशने मराठीतही आहेत. मात्र त्यांतले शब्द आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले शब्द तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून तासाआधी एकदा पाहून घ्यावे आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहावेत.

कृतिपत्रिकेबद्दल माझा अनुभव प्राध्यापक सरांच्या सांगण्याशी जुळतो. मी आता पहिली दहा मिनिटे काहीही सांगत नाही. त्या वेळात मुले बॅटऱ्या पेटवतात, तारेची नक्षी काढतात, खोडरबर आणि नाणे परिपथात जोडून बघतात, आणि ते मी करू देतो. त्यानंतर एकच प्रश्न देतो, उदाहरणार्थ, “तीन सारखे बल्ब अशा रीतीने जोडा की एक जास्त प्रकाशेल आणि उरलेले दोन एकमेकांइतकेच मंद राहतील.” या प्रश्नाला पायऱ्या लिहिता येत नाहीत आणि उत्तराची नक्कलही फारशी होत नाही, कारण शेजारच्या गटाला ‘का’ विचारले की लगेच उघडे पडते. सहा टॅब्लेट असतील, तर प्रत्येक गटात टॅब्लेट धरणारा आणि वहीत लिहिणारा दर पाच मिनिटांनी बदलावा. नाहीतर एकच मुलगा तासभर बोट फिरवतो आणि बाकीचे पाहत राहतात. मुलींच्या हाती टॅब्लेट येतो की नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष देतो.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर
विज्ञान शिक्षिका, सोलापूर जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. थोड्या उशिराने लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

कुलूप आम्ही फूटपट्टीच्या कडेवर तोलले. ते एका जागी स्थिर राहत नव्हते, म्हणून तीन गटांनी वेगवेगळे तोलून खुणा केल्या. कडीच्या वरच्या टोकापासून तोलाच्या जागेपर्यंतचे अंतर पाच सेंटिमीटरांपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त भरले. प्राध्यापक सरांचा अंदाज मी आधी सांगितला नव्हता. मग दोरा ९४.८ सेंटिमीटर ठेवून पुन्हा वीस दोलने मोजली, तर ४०.२, ४०.१ आणि ४०.३ सेकंद आले. वर्गात क्षणभर कोणीच बोलले नाही आणि मग एकदम गलका झाला.

बल्बच्या बाबतीत सहायक सरांचा सल्ला मी जसाच्या तसा पाळला. फ्यूज बल्ब घरीच फोडून नेला, भिंगाखाली दोन दांड्या दाखवल्या, आणि पुढच्या पाच मिनिटांत सहाही गटांचे बल्ब पेटले. परिपथाचे सिम्युलेशन आता आम्ही त्यानंतर उघडतो. चौदा पायऱ्यांची कृतिपत्रिका बाजूला ठेवली आहे. रत्नागिरीच्या सरांच्या तीन बल्बच्या प्रश्नावर दोन गट अजून अडले आहेत आणि मी उत्तर सांगितलेले नाही.

ज्या मुलीने “आपला लंबक चुकला ना” असे विचारले होते, तिने कुलूप तोलून झाल्यावर टॅब्लेट मागून घेतला. सिम्युलेशनमधली मोजपट्टी तिने ओढत नेऊन दोऱ्याला समांतर लावली आणि लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत धरली आहे की मध्यापर्यंत, हे झूम करून पाहिले. ती मध्यापर्यंत होती. “म्हणजे यांनी आधीच मोजून ठेवलंय, मॅडम, आपल्याला मोजावं लागलं,” असे म्हणून तिने टॅब्लेट पुढच्या गटाकडे दिला.